झटका मशीनवरचा आळ

१

संतरामचा वजीर मेला, ही बातमी चहाला उकळी यायच्या आधी माझ्या दारात आली. आणि तो धम्मानंदच्या मशीननं मारला, ही बातमी चहा गाळायच्या आधी. मी पातेलं तसंच झाकून ठेवलं, चपला घातल्या आणि निघाले.

मी करुणाबाई. आसपासच्या गावांत विज्ञान शिकवत शिकवत निवृत्त झाले आणि साखऱ्यात घर बांधून राहिले. माझा आवाज मोठा आहे आणि राग नाकाच्या शेंड्यावर असतो. गावातल्या अर्ध्या लोकांचे कान मी पिरगाळलेले आहेत, त्यामुळे माझी वाट सहसा कुणी अडवत नाही.

वजीर म्हणजे संतरामचा लाल कंधारी बैल. शंकरपटात, म्हणजे बैलांच्या शर्यतीत, तो सुटला की म्हातारी माणसंसुद्धा टोप्या उडवायची. आणि धम्मानंद म्हणजे बी.एस्सी. होऊन, पुण्याच्या कंपनीत थोडे दिवस काढून, एक दिवस बाडबिस्तरा घेऊन परत आलेला पोरगा. लोक म्हणाले, नोकरी गेली असेल. गेली नव्हती, त्यानं सोडली होती. घरामागच्या पत्र्याच्या खोलीत जुन्या टीव्हीचे ट्रान्सफॉर्मर, तांब्याची तार, पाइपाचे तुकडे मांडून तो बसला. एकदा मला बोलावलं, दार-खिडकी लावून घेतली आणि बटण दाबलं. हातभर उंच गुंडाळीच्या टोकावरून जांभळी ठिणगी कडाडून हवेत उडाली. त्यानं माझ्या हातात नुसती ट्यूबलाइट दिली होती, ना वायर ना होल्डर. ती लख्ख पेटली. जे मी जन्मभर फळ्यावर खडूनं काढत आले, ते ह्या पोरानं माझ्या मुठीत पेटवून दाखवलं. मी रडले. रडले म्हणून सांगते, त्यात लाज कसली?

त्याच विद्येतून त्यानं झटका मशीन बनवलं. आमच्याकडं रानडुकरं आणि रोही, म्हणजे नीलगाई, एका रात्रीत पीक आडवं करतात. हे मशीन बारा व्होल्टच्या बॅटरीवर चालतं आणि कुंपणाच्या तारेत हजारो व्होल्टचा ठोका सोडतं. पण तो ठोका पापणी लवायच्या आत संपतो. डुक्कर किंचाळून पळतं, मरत नाही. पहिला झटका धम्मानंदनं स्वतःच्या हाताला घेतला, दुसरा मी हट्टानं मागून घेतला. कोपरापर्यंत झिणझिण्या आल्या, तरी दोघंही हसत होतो. मग गावातल्या बऱ्याच शेतांना त्याची मशीनं लागली. सगळ्यात आधी लागलं ते भागवतच्या शेताला.

त्या भागवतच्याच शेतात वजीर पडला होता. शेपूट कुंपणाकडं, तोंड कोपऱ्यातल्या खांबाकडं. नाकाला आणि जिभेला ओला चिखल. संतराम त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसला होता. कुंपणाच्या तारेवर भागवतच्या म्हाताऱ्या आईचं, द्वारकाबाईंचं, हिरवं लुगडं वाळत होतं. वारा आला की त्याचा ओला पदर कुणाच्या तरी तोंडावर यायचा, पण त्या गर्दीत ते काढायचं कुणाला सुचत नव्हतं.

जवळच्या गोरेगावहून आलेल्या जनावरांच्या डॉक्टरनं हात पुसले आणि म्हणाला, "विजेचाच धक्का आहे. दुसरं काही नाही."

"ऐकलं का बाई?" संतराम माझ्याकडं बघून ओरडला. "लेकरावानी वाढवला ह्याला. माझ्या तळहातावरचं मीठ चाटून मोठा झाला. दावं तोडून इकडं आला न् ह्याच्या मशीननं घात केला! मी पल्याड हळदीत व्हतो. द्वारकामाय वरडली तवा कळलं मला."

मी पोचायच्या आधीच त्यानं धम्मानंदची गचांडी धरली होती, शर्टाचं वरचं बटण तुटलेलं दिसत होतं. धम्मानंद मान खाली घालून उभा होता. सरपंच कोमलताईंनी निकालाची वेळ सांगून टाकली: संध्याकाळी मारुतीच्या पारावर बैठक. धम्मानंदची सगळी मशीनं शेताशेतांतून काढायची आणि पुन्हा ह्या कामाला हात लावणार नाही, असं त्यानं गावासमोर कबूल करायचं.

"तू काही बोलणार आहेस का?" मी त्याला विचारलं.

"काय बोलू, बाई? माझ्या मशीननंच गेला असंल," तो म्हणाला. "बैठकीची बी गरज न्हाई. खोलीतलं सगळं सामान मी आजच विहिरीत टाकून देतो."

२

मी त्याला त्याच्या खोलीत ओढत नेलं. गुंडाळी टेबलावर होती, आणि खाली पोतं पसरून त्यानं खरंच सामान भरायला सुरुवात केली होती.

"पोतं ठेव खाली," मी म्हणाले. "आणि पाठ म्हण. तुझ्या मशीनच्या एका ठोक्यात ऊर्जा किती?"

त्यानं सांगितलं. मग मी विचारलं, आतला एखादा भाग जळाला, चिकटला, बिघडला, तर काय होईल? त्यानं तेही सांगितलं. काहीही बिघडलं तरी मशीन बंद पडेल. त्या एवढ्याशा बॅटरीत असा मोठा बैल मारायची ताकद कुठून येणार?

"मग?"

"गणित बराबर हाय, बाई," तो म्हणाला. "पण बैल मेला हे बी बराबर हाय."

ह्या उत्तराचा मला एवढा राग आला की काय सांगू! आणि खरं सांगायचं तर थोडं कौतुकही वाटलं. समोर दिसतंय ते गणितासाठी नाकारायचं नाही, हे मीच शिकवलं होतं. पण गणित बरोबर आणि बैलही मेलेला, तर ह्याचा अर्थ एवढाच की मधलं काहीतरी आपल्याला माहीत नाही. ते शोधायच्या आधीच हा सगळं सामान विहिरीत ढकलायला निघाला होता.

"संध्याकाळपर्यंत एका वस्तूला हात लावलास तर बघ," असा दम देऊन मी भागवतकडं गेले.

भागवत चाळिशीचा, शाळेत नेहमी मागच्या बाकावर. मला बघून ओसरीवरून उठला. मी सरळ विचारलं, "मशीन चालू होतं का?"

"व्हय. रातपासून चालूच व्हतं," तो म्हणाला. जरा जास्तच पटकन म्हणाला. "आता बाई, मी तरी काय करू? आधीच आमच्या पट्टीतला डीपी दिवाळीपासून जळालेला. विहिरीला पाणी हाय, पण मोटर चालत न्हाई. तूर कशीबशी तगली, सगळ्यांची हळद वाळून राहिली. त्यात हे झंगट."

द्वारकाबाई आतून सूप घेऊन बाहेर आल्या. "बाई, धम्माचं मशीन चांगलं हाय. त्यानं सांगितलं तशी मी कोपऱ्यातल्या अर्थिंगच्या खड्ड्यात घागर ओतायला जाते. पण ह्या दिवसांत जावं तवा खड्डा आधीच ओला! म्हटलं, भागवतला अक्कल आली, माझ्या आधीच पाणी घालून राहिला."

"मी कव्हा घातलं?" भागवत म्हणाला, आणि मग आईला दटावलं, "तू आत जा बरं. काहून मधी मधी बोलतीस?"

अर्थिंग म्हणजे काय ते सांगते. झटका मशीनची एक तार कुंपणाला जाते आणि दुसरी जमिनीत पुरलेल्या लोखंडी पाइपाला. पाइपाभोवती खड्ड्यात कोळसा आणि मीठ घालतात, वर पाणी ओततात, म्हणजे जमिनीशी सांधा पक्का होतो. धम्मानंदचे खड्डे सगळ्यात भारी. तो ते लेकराच्या अंघोळीसारखे जपायला लावायचा.

मी निघाले तेव्हा भागवत फाटकापर्यंत आला. कपाळाला घाम होता, थंडीच्या दिवसांत. आणि मला आठवलं, ह्याच भागवतनं धम्मानंदचं मशीन यायच्या आधी एका हंगामात डुकरांसाठी कुंपणात सरळ घरची लाइन सोडली होती. गावानं तेव्हा त्याला शिव्या घालून ती काढायला लावली होती.

३

पण आधी मला रूपसिंगला गाठायचं होतं. रूपसिंगचं गोरेगावच्या बाजारात बॅटऱ्यांचं दुकान. तो तयार झटका मशीनं विकतो, आणि धम्मानंदची घरगुती मशीनं गावोगाव लागल्यापासून त्याच्याकडं फारसं कुणी जात नव्हतं. 'हातानं बनवलेलं मशीन एक दिवस जीव घेणार' हे वाक्य त्यानं बाजारात किती जणांना ऐकवलं असेल, देव जाणे. असा माणूस एखाद्या मशीनला हात लावणार नाही कशावरून?

जीपमध्ये बसून गेले. दुकानात शिरताच मी तोंडाचा पट्टा सोडला. रूपसिंगनं शांतपणे ऐकून घेतलं, मग माझ्यासमोर स्टूल सरकवलं.

"बाई, मी धम्मानंदच्या मशीनला नावं ठेवतो, हे खरंय," तो म्हणाला. "धंदा हाय माझा. पण खोटं कशाला बोलू? एकदा त्याचं मशीन उघडून बघितलं मी. कंपनीवाल्याला जमणार न्हाई असं साफ काम. अन् भागवतच्या मशीननं बैल मारला म्हणता, ते तर होऊच शकत न्हाई."

"का नाही?"

त्यानं टेबलाखालून एक बॅटरी ओढून काढली. तिच्यावर खडूनं लिहिलं होतं, 'भागवत, साखरा'.

"ही परवापासून इथं पडून हाय. तिच्यात जीव भरून राहिलो मी. हिच्याशिवाय त्याचं मशीन काय फुंकर मारून चालतं का?"

परत येताना जीपमध्ये कोंबड्यांची पाटी माझ्या मांडीवर होती, तरी मला भान नव्हतं. धम्मानंदचं मशीन त्या सकाळी मेलेलंच होतं. म्हणजे भागवत माझ्या तोंडावर खोटं बोलला. बैल विजेनं गेला, मशीन बंद होतं, तर त्या कुंपणात दुसरी वीज कुणी सोडली?

४

भागवत मला कुंपणाजवळच सापडला. मी बॅटरीचं नाव काढलं आणि तो मटकन बांधावर बसला.

"जुनी सवय गेली नाही ना तुझी? घरची लाइन सोडलीस ना तारेत?"

"न्हाई बाई! लेकराची शपथ!" तो रडकुंडीला आला. "म्हणूनच तर खोटं बोललो. मशीन बंद व्हतं असं म्हटलं असतं, तर सगळे तुमच्यावानीच बोलले असते. भागवतनं पुन्हा डायरेक्ट सोडला. मग पोलीस, मग जेल. मशीनवर गेलं तर धम्माला जास्तीत जास्त मशीनं काढावी लागतील, एवढंच."

"एवढंच?" माझा आवाज पलीकडच्या शिवारात गेला असेल. "त्या पोराचं सगळं आयुष्य त्या खोलीत आहे आणि तू म्हणतोस एवढंच?"

खरं सांगते, त्या क्षणी मला तोच गुन्हेगार वाटत होता. मी हात धरून त्याला पारावर न्यायच्याच बेतात होते. तेवढ्यात द्वारकाबाई आल्या. अनवाणी, ओल्या पायांनी. तारेवरचं हिरवं लुगडं त्यांनी दोन्ही हातांनी ओढून घेतलं आणि घडी घालायला लागल्या.

"माय, हे लुगडं तारेवर कधी टाकलं होतं?" मी विचारलं.

"वजीर पडला तवाच की! मशीन बंद असलं की मी तारेवरच वाळू घालते, दोरी कुठं बांधत बसू? हेच लुगडं तारेवर पसरून राहिले व्हते, हात तारेवर, न् मागून धप्प आवाज आला. वळून बघते तर वजीर आडवा. तशीच वरडले मी."

मी भागवतचा हात सोडला.

ओल्या लुगड्यासकट, अनवाणी पायांनी, द्वारकाबाई त्या तारेला धरून उभ्या होत्या, आणि त्याच वेळी बैल पडला. तारेत बैलाला मारणारी वीज असती तर बैलाच्या आधी त्या गेल्या असत्या. मशीन बंद, कुंपणात वीज नाही, भागवत लबाड पण निर्दोष. आणि डॉक्टर म्हणत होता, विजेचाच धक्का.

मग वजीरला वीज लागली कुठून? आभाळातून तर नक्कीच नाही, आभाळ स्वच्छ होतं.

५

मी धम्मानंदला बोलावून घेतलं. यायला तयार नव्हता. "कुंपणात वीज नव्हती आणि तुझ्या मशीनला बॅटरी नव्हती," एवढं सांगितल्यावर मात्र पळत आला, मीटर घेऊन.

वजीरला तोवर हलवलं होतं, पण तो पडला होता तिथली माती दबलेली होती. मी तिथं उभी राहिले. शेपूट कुंपणाकडं, तोंड खांबाकडं. तोंडासमोर काय होतं? अर्थिंगचा खड्डा. आणि त्याच्या नाकाला ओला चिखल होता. वाळलेल्या शिवारात ओली जागा ती एवढीच.

धम्मानंद गुडघ्यावर बसला. खड्ड्यात काळ्या ओल्या मातीवर पांढरे खडे चमकत होते. जाडं मीठ, अजून विरघळलंही नव्हतं. त्यात जिभेचे लांब ओरखडे होते.

"मी मीठ घातलं त्याला दोन उन्हाळे झाले, बाई," तो म्हणाला. "हे माझं न्हाई. हे आत्ताचं हाय."

मग त्यानं पाइपावरचा बोल्ट बघितला. सगळा बोल्ट गंजलेला, पण एका बाजूला ताजा घासलेला, चकचकीत. त्याच्या मशीनचे चिमटे वेगळ्या जागी लागायचे आणि ते भागवतनं बॅटरी काढताना काढून ठेवले होते. इथं दुसरीच कुणाची तरी तार बांधली होती आणि काढून नेली होती.

पोरानं मीटर बाजूला ठेवलं. त्याचा चेहरा बदलत गेला. अवघड गणित सुटायला लागलं की शाळेत असाच व्हायचा, फक्त तेव्हा तो हसायचा.

"कुणीतरी माझ्या अर्थिंगवर मोटर चालवून राहिलं व्हतं," तो हळू म्हणाला.

ही आमच्याकडची रीतच आहे. डीपी, म्हणजे शेतांना वीज देणारा ट्रान्सफॉर्मर, जळाला की गावच्या लाइनवर एकच आकडा टाकायचा आणि मोटरची दुसरी तार जमिनीत रोवलेल्या पाइपाला बांधायची. एक आकडा चटकन टाकता येतो, चटकन काढता येतो. जमीन चांगली लागली तर मोटर धावते, म्हणून पाणी आणि मीठ घालत राहायचं. आणि गावात सगळ्यात चांगलं अर्थिंग कुणाचं? आमच्या धम्मानंदचं. अर्थिंगला भ्यायचं कारण नाही, तिथं करंट मरून जातो, असं लहानथोर सगळे मानतात.

पण तो मरत नाही. मोटरमधून गेलेला सगळा करंट त्या पाइपातून जमिनीत उतरतो, आणि उतरताना पाइप आणि भोवतालची ओली माती दोन्ही तापल्या तव्यासारखी धोक्याची होतात. वजीरला मिठाचा वास आला. त्यानं जीभ पाइपाला लावली, मागचे पाय लांब जमिनीवर. बैल केवढा लांब असतो! त्याच्या अंगातून, काळजातून, वीज गेली.

"मोटर कुणाची?" मी विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता बांध चढले.

पलीकडं सगळ्या शिवारातली हळद पिवळी पडून मान टाकून उभी होती. फक्त एका पट्टीतली हिरवीगार होती, सऱ्यांत पाणी चमकत होतं. विहिरीत बुडालेली मोटर आवाज करत नाही. रस्त्याच्या कडेनं गावची लाइन त्या पट्टीला अगदी खेटून जात होती.

ती पट्टी संतरामची होती.

धम्मानंद माझ्या मागं येऊन उभा राहिला. त्यानं हळदीकडं बघितलं आणि माझा हात धरला.

"बाई, न्हाई सांगायचं," तो म्हणाला. "त्या माणसाला कळलं की त्याचा वजीर त्यानंच मारला, तर तो जगायचा न्हाई. माझ्यावर राहू द्या. मी दुसरं काहीतरी करीन."

सकाळी गचांडी धरणाऱ्या माणसासाठी हा स्वतःची विद्या विहिरीत टाकायला तयार होता. डोळे भरून आले माझे, पण आवाज खाली येऊ दिला नाही.

"आणि उद्या द्वारकाबाई तिथं घागर ओततील, अनवाणी पायांनी. परवा गावात दुसरं कुणीतरी असाच आकडा टाकेल. तुझं मन मोठं आहे म्हणून लोकांनी मरायचं का?"

त्यानं माझा हात सोडला. मग म्हणाला, "नाव घ्यायचं न्हाई. पण दाखवून देऊ."

६

ऊन उतरलं तसा पार भरला. संतराम पहिल्या रांगेत, हातात वजीरची घुंगरमाळ. मी उभी राहिले आणि सकाळपासूनचं एकेक सांगत गेले. बॅटरी रूपसिंगकडं होती. भागवतनं भीतीपोटी खोटं सांगितलं. तो तिथंच मान खाली घालून बसला होता, त्यानं ते कबूल केलं. द्वारकाबाईंचं लुगडं तारेवर होतं, म्हणजे कुंपणात वीज नव्हती. कुजबुज वाढत गेली.

"मग बैल काय दृष्ट लागून मेला?" कुणीतरी मागून विचारलं.

"धम्मानंद, दाखव," मी म्हणाले. आणि लोकांना आधीच खडसावलं, दोरीच्या आत कुणी यायचं नाही आणि घरी कुणी हा उद्योग करायचा नाही.

त्यानं पारासमोरच्या मोकळ्या जागेत लोखंडी पाइप ठोकला होता. पाणी ओतलं, मीठ टाकलं. मग विजेची शेगडी मोटरच्या जागी लावली, तिची एक तार लाइनला आणि दुसरी पाइपाला. शेगडी लाल झाली.

"हे अर्थिंग," तो म्हणाला. "आपन सगळे म्हणतो, इथं करंट मरतो." त्यानं मीटरची एक सळई लांब काठीला बांधून पाइपाला टेकवली, दुसरी एका बैलाच्या लांबीवर मातीत खुपसली. मीटरचा आकडा पारावरच्या सगळ्यांना दिसेल असा फिरवला. साठ व्होल्टच्या पुढं. "माणसाची टांग लहान, चपला पायात. बैलाचं एक टोक इथं, दुसरं तिथं. जीभ ओली, पाय ओले. त्याला एवढं पुरं होतं. मिठासाठी आला व्हता तो."

त्यानं लाइन बंद केली, शेगडी काळी पडली. द्वारकाबाईंनी तोंडावर हात ठेवला. "अगं माय, मी तिथं रोज उभी राहते."

कोमलताईंनी विचारलं, "बाई, तार कुणाची व्हती?"

"ते मी सांगणार नाही," मी म्हणाले. जन्मात पहिल्यांदा माहीत असलेलं उत्तर गिळलं मी. "धम्मानंदनं मला गळ घातली आहे."

घुंगरं वाजली. संतराम उठून उभा राहिला होता.

"तार माझी हाय," तो म्हणाला. "मीठ म्या टाकलं. हळद जळून राहिली व्हती, तुमी सगळ्यांनी पाहिलं. द्वारकामाय वरडली तवा मला वाटलं, आता माणसं जमतील, आकडा दिसंल. आधी म्या तार गुंडाळली. मग वजीरकडं पळालो." त्यानं धम्मानंदकडं बघितलं. "तुला ठाऊक व्हतं?"

"दुपारपासून, तात्या."

"न् तू बोलला न्हाईस. म्या तुझी गचांडी धरली, सगळ्या गावासमोर तुला खुनी म्हटलं, तरी न्हाई बोललास." तो पुढं आला. मला वाटलं, पाया पडतो की काय. पण त्यानं दोन्ही हातांनी धम्मानंदचा चेहरा धरला. "चुकलो रे लेकरा. ह्या गावासमोर सांगतो, मी चुकलो. तुझं मशीन न्हाई, मीच."

चूक कबूल करताना फार लोक बघितलेत मी, हेडमास्तरच्या खोलीत, मान खाली घालून. साठी उलटलेला माणूस ताठ मानेनं, भर पारावर, स्वतःच्या लाडक्या बैलाचा घात स्वतःच्या माथी घेताना मी कधी बघितला नव्हता. त्या क्षणी मला त्याचाही अभिमान वाटला.

"तात्या, खड्डा माझा हाय," धम्मानंद म्हणाला. "मशीनचा दोष न्हाई, पण मीठ घालून खड्डा उघडा ठेवणारा मीच. जनावर मीठ चाटायला येणार, हे मला कळायला पाहिजे व्हतं." मग तो गावाकडं वळला. "उद्यापासून एकही मशीन चालू व्हनार न्हाई, जोवर दर खड्ड्यावर फरशी बसत न्हाई. न् डीपी येईपर्यंत कुणाला पाणी पाहिजे असंल तर माझ्याकडं या. सौर पॅनलवर चालणारी लहान मोटर जुळवून राहिलो मी. एकेकाची पाळी लावू."

"मग मशीनं काढायची का न्हाई?" कोमलताईंनी विचारलं.

"काढून तर दाखवा कुणी!" द्वारकाबाई अशा कडाडल्या की मलाही मागं सरावं लागलं. सगळा पार हसला, संतराम रडता रडता हसला. बैठक तिथंच उठली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी भागवतच्या शेतात गेले. जोडीतला एकच बैल उरल्यानं संतरामला गाडी जुंपता येत नव्हती. शहाबादी फरशी त्यानं आणि भागवतनं खांद्यावर घालून आणली होती, दोघंही धापा टाकत होते. धम्मानंदनं खड्डा साफ केला, फरशी बसवली, चारी बाजूंनी सिमेंट भरलं. मग मीटर लावून एकदा बघितलं, समाधान झालं नाही म्हणून परत बघितलं.

रस्त्यावरून सेनगावची जीप चालली होती. आतल्या एका माणसानं डोकं बाहेर काढून विचारलं, "काय काम चाललंय हो?"

संतराम कंबरेवर हात ठेवून उभा राहिला आणि मी तोंड उघडायच्या आत ओरडला, "आमच्या गावचा शास्त्रज्ञ काम करून राहिला! थांबा जरा, बघून जा."

ड्रायव्हरनं जीप खरंच थांबवली. सगळे उतरून बांधावर येऊन उभे राहिले, आणि धम्मानंद लाजून मीटरमध्ये तोंड खुपसून बसला. त्या सगळ्यांना मी ओरडून सांगितलं, ह्याला मी शिकवलंय.